टेकाडे भावजींना भंगारात काढू नका : आमच्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळास खुले पत्र

मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सभासद,
सप्रेम नमस्कार.

मी आपल्या वाचनालयाची आजीव सभासद. सहावीत असताना बालविभागात नाव घातलं. पुढे पोस्टात नोकरी लागली, तेव्हा पहिल्या दोन पगारांतून आजीव वर्गणी भरली. वाचनालयाचं आणि गावाचं नाव मी या पत्रात लिहीत नाही. तापीकाठचं तालुक्याचं गाव आहे, एवढंच पुरे. गावातल्यांना कळेलच, आणि बाहेरच्यांसमोर मला माझ्याच वाचनालयाची बदनामी करायची नाही. पण हे पत्र उघडपणे लिहिते आहे, कारण साधा अर्ज आवक नोंदवहीत पडून राहतो हे मी आयुष्यभर टेबलाच्या पलीकडच्या बाजूने पाहिलं आहे.

डिसेंबरच्या बैठकीत 'ऐनवेळचे विषय' या सदराखाली आपण एक ठराव केला. श्राव्य विभागातलं 'जुने व निरुपयोगी साहित्य' निर्लेखित करायचं आणि त्या खोलीत स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी वातानुकूलित अभ्यासिका काढायची. पुढच्या आठ-पंधरा दिवसांत त्या विभागातली दोन खोकी भंगारवाल्याच्या हातगाडीवर गेलीसुद्धा. त्यात माझ्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, दिलेल्या कॅसेट होत्या. मला कुणी कळवलं नाही. मला ते कळलं दादरच्या, म्हणजे आपल्याकडच्या रब्बी ज्वारीच्या, शेतात.

जानेवारीच्या अखेरीस मामेबहिणीकडे चालले होते. चोपड्याच्या रस्त्याला रिक्षावाला पाणी प्यायला थांबला. शेजारच्या शेतात दादर कणसावर आलेली. वरून, पुरुषभर उंचीवर, तपकिरी फिती ताणलेल्या, या बांधापासून त्या बांधापर्यंत. वाऱ्यावर त्यांचा घूं-घूं आवाज येत होता आणि उन्हात त्या चकाकत होत्या. पाखरं हाकलायला कॅसेटची टेप लावतात हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, मी पुढे बघायला लागले होते. तेवढ्यात बांधावरच्या काठीला बांधलेली एक पांढरी कॅसेट दिसली. तिच्या पोटातून टेप निघून शेतावर गेली होती. कॅसेटवर कागदाची पट्टी, निळी शाई, आणि 'प्र' काढताना खालचा फाटा लांब ओढायची सवय. अक्षर नानांचं होतं. 'पु. प्र. - टेकाडे - १४'.

मी शेतात गेले. म्हातारबाबांनी भंगारवाल्याकडून पिशवीभर कॅसेट घेतल्या होत्या. माझं ऐकल्यावर त्यांनी नातवाला हाक मारली आणि दोघांनी तुरकाटीवर, म्हणजे तुरीच्या वाळक्या काडीवर, गुंडाळत गुंडाळत ती टेप परत आणून दिली. पैसे घेतले नाहीत. त्यांचा काहीही दोष नाही. जे बाजारात विकायला आलं ते त्यांनी घेतलं. ते बाजारात कुणी आणलं, हा प्रश्न मी आपल्याला विचारते आहे.

आता त्या पट्टीवरची अक्षरं कशाची, ते सांगते. मंडळातले निम्मे सभासद माझ्या मुलाच्या वयाचे आहेत, त्यांनी हे ऐकलं नसेल.

'पु. प्र.' म्हणजे 'पुन्हा प्रपंच'. आकाशवाणीच्या मुंबई केंद्राची श्रुतिकांची, म्हणजे रेडिओवरच्या छोट्या नाटिकांची, मालिका. प्रभाकरपंत आणि मीनावहिनी हे जोडपं, आणि त्यांच्या घरात हक्काने येणारे टेकाडे भावजी. तीन आवाज, एक घर, चहाचे कप, आणि त्या दिवसांतला काहीतरी चालू विषय. प्रभाकरपंत म्हणजे प्रभाकर जोशी. मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू, ज्या पुढे संगीतकार यशवंत देवांच्या पत्नी झाल्या आणि करुणा देव या नावाने ओळखल्या गेल्या. आणि टेकाडे भावजी म्हणजे बाळ कुडतरकर. विनोदी लेखक वि. आ. बुवांनी या मालिकेसाठी शेकड्यांनी श्रुतिका लिहिल्या.

कुडतरकर स्वातंत्र्याच्या आधीपासून मुंबई केंद्रावर होते. निवेदक म्हणून त्यांनी काम केलं, 'कामगार सभा' आणि 'वनिता मंडळ' यांसारख्या कार्यक्रमांतून त्यांचा आवाज घराघरांत गेला, फिल्म्स डिव्हिजनच्या माहितीपटांना त्यांनी आवाज दिला. म्हणजे तंबूतल्या टॉकीजमध्ये मुख्य सिनेमा सुरू होण्याआधी आपल्या वडीलधाऱ्यांनी धरणांचे आणि कारखान्यांचे जे माहितीपट पाहिले, त्यातही तो आवाज असायचा, फक्त नाव ठाऊक नसायचं. २०१८ च्या जुलैत, वयाची नव्वदी ओलांडून, ते गेले. एवढं मोठं आयुष्य, आणि ते जवळजवळ सगळं माइकसमोर. रस्त्यात ते समोरून आले असते तर आमच्या गावात एकानेही त्यांना ओळखलं नसतं. आणि ते 'वहिनी' एवढं म्हणाले असते तर आख्खी गल्ली गोळा झाली असती.

रंगमंचावरच्या विनोदी नटाला टोपी असते, मिशी असते, चालण्याची ढब असते. तो आला की लोक आधी बघून हसतात आणि मग ऐकतात. रेडिओच्या नटाकडे यातलं काही नाही. कागद वाजू न देता पानं बदलायची, 'दुरून आलो' हे दाखवायला माइकपासून लांब उभं राहून बोलत बोलत जवळ यायचं, आणि समोर एकही प्रेक्षक नसताना कुठे थांबायचं ते मनात मोजायचं. समोर माणूस हसला की नट थांबतो. स्टुडिओत हसणारं कुणी नाही. हसणारी माणसं भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, यावलच्या ओट्यावर आणि शिरपूरच्या हॉटेलात बसलेली आहेत आणि त्यांचं हसू त्याला कधीच ऐकू येणार नाही. तरीही आपलं हसू संपायच्या आत टेकाडे भावजींचं पुढचं वाक्य कधी आलं नाही. लहानपणी मला वाटायचं त्यांना आमचं घर दिसतं.

आमचं घर धाब्याचं. खाली नानांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान, आत दोन खोल्या. दुकानात राळेचा वास, शिशाचे थेंब, मर्फी-बुशचे उघडे सांगाडे, आणि लायसन्सची पुस्तिका हातात धरून 'नाना, पोस्टात शिक्का मारून आणला, आता तरी लावा' म्हणणारी गिऱ्हाईकं. इंदूर खणखणीत लागायचं. मुंबईसाठी मात्र धाब्यावरून समोरच्या निंबापर्यंत तांब्याची एरियल ताणावी लागे, तरी मध्येच खरखर यायचीच. १९७६ साली जळगावला आकाशवाणीचं केंद्र झालं त्या आठवड्यात नानांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. ज्याला त्याला जळगावचा काटा कुठे ते दाखवून हवं होतं.

त्या सुमारास नानांनी टेपरेकॉर्डर घेतला. मी सातवीत होते. पहिल्या वीस कॅसेट त्यांनी नुसता माइक रेडिओपुढे ठेवून भरल्या, कारण रेडिओतून थेट वायर काढून जोडायची युक्ती त्यांनी पुढे शोधली. त्यामुळे त्या वीस कॅसेटमध्ये श्रुतिका आहे आणि आमचं घरही आहे. आईच्या बांगड्या आहेत. लांबून मालगाडीची शिटी आहे. आणि आजी आहे. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, ती अहिराणीतच बोलायची, रेडिओवरचं पुणे-मुंबईचं मराठी तिला अर्धंच समजायचं. पण टेकाडे भावजींचा आवाज आला की चुलीपुढून म्हणायची, "मन्हा देर उना वं माय!" माझा दीर आला म्हणून ती पदर सावरून बसायची. आणि मग हसायची. ते हसणं असं होतं की नाना माइक धरलेला हात हलू नये म्हणून दुसऱ्या हाताने तोंड दाबून धरायचे.

आजीचा फोटो एकच आहे, रेशनकार्डाच्या वेळचा, त्यात ती घाबरलेली दिसते. तिचा हसण्याचा आवाज त्या वीस कॅसेटीत आहे, बाकी कुठेही नाही.

म्हणून आपल्या ठरावातला 'निरुपयोगी' हा शब्द मला मान्य नाही. मंडळाने एकदा शांतपणे विचार करावा. कुडतरकरांना त्यांच्या हयातीत जे ऐकू आलं नाही, ते या फितींत आहे. बोलणारा मुंबईत, हसणारी खान्देशात, आणि दोघांचा आवाज एका पट्टीवर. आकाशवाणीच्या स्टुडिओत मुद्रण झालं असेल तर त्यात विनोद असेल, हसू नसेल. आणि स्टुडिओतल्या मुद्रणांचंही काय झालं हे सगळ्यांना ठाऊक आहे. टेप महाग होती, कार्यक्रम झाला की तीच पुसून दुसऱ्या कार्यक्रमाला वापरायची रीत होती. त्या रीतीतून जे सुटलं ते श्रोत्यांच्या घरांत सुटलं.

आपण खान्देशातली माणसं जपणारी आहोत. इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यात वारले आणि १९२७ साली, वर्ष उलटायच्या आत, धुळ्याने त्यांच्या दप्तरांसाठी संशोधन मंडळ उभं केलं. चाळीसगावने केकी मूस यांची छायाचित्रं आणि त्यांचं राहतं घर राखलं. आणि असोद्याच्या बहिणाबाईंचं तर आपण उठता-बसता नाव घेतो. विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, आपल्या वाचनालयाच्या जिन्यात त्यांची तसबीर आहे. १९५१ च्या डिसेंबरात त्या गेल्या. त्यांची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, लिहून ठेवली होती म्हणून, आणि आचार्य अत्र्यांनी पुढाकार घेतला म्हणून १९५२ साली ती छापली गेली. शब्द वाचले. पण बहिणाबाई जात्यावर ते कशा म्हणत होत्या, कुठे लांबवत होत्या, कुठे थांबत होत्या, ते आता कुणालाही कळायचं नाही. त्यांच्या बाबतीत निदान शब्द तरी हाती लागले. रेडिओवरच्या विनोदी नटाचे शब्द त्याचे नसतातच, ते लेखकाचे. नटाचा फक्त आवाज. कागद राहिला आणि टेप गेली तर वि. आ. बुवा उरतील, कुडतरकर उरणार नाहीत.

आता माझ्या तक्रारी. एकेक करून मांडते.

पहिली, सभासदांना न विचारता झालेल्या ठरावाची. विषयपत्रिकेवर हा विषय नव्हता. देणगी म्हणून आलेलं साहित्य काढायचं तर देणगीदाराला किंवा त्याच्या वारसाला एक पोस्टकार्ड टाकायला हवं होतं. नानांनी १९९४ साली ३१२ कॅसेट आणि १९ स्पूल, म्हणजे उघड्या चक्रीवरच्या टेप, वाचनालयाला दिले. त्याची पोच माझ्याकडे आहे, तत्कालीन कार्यवाहांच्या सहीची, गोल शिक्क्याची. 'सदर संग्रह वाचनालय कायमस्वरूपी जतन करील' असं त्यात लिहिलं आहे. 'कायमस्वरूपी' हा शब्द आपल्या संस्थेने लिहून दिला आहे, मी मागून घेतलेला नाही.

दुसरी, नोंदीची. पुस्तक आलं की दाखलनोंद होते, लेखक, शीर्षक, किंमत, पानं. कॅसेटींची नोंद जडसंग्रह नोंदवहीत केली गेली, खुर्च्या, पंखे आणि पाण्याच्या टाकीच्या खाली. 'कॅसेट, नग ३१२.' बस. आत काय आहे, कुणाचा आवाज आहे, एक अक्षर नाही. जे खुर्चीच्या ओळीत लिहिलं ते खुर्चीसारखंच मोडीत निघालं. सगळ्या चुकीचं मूळ मला इथे दिसतं. ही नोंद ज्यांनी केली त्यांच्यावर राग नाही, तेव्हा तसा तक्ताच नव्हता. पण तीस वर्षांत तो कुणी आखलाही नाही.

तिसरी तक्रार मनाला सगळ्यात लागलेली. ठरावात कारण दिलं आहे, 'गेल्या दहा वर्षांत एकाही वाचकाने या विभागाचा लाभ घेतलेला नाही.' कसा घेणार? कॅसेट प्लेअर बंद होता. त्याचा आतला रबरी पट्टा, बेल्ट, ताणून सैल झाला होता. एवढंच. चक्र फिरत नव्हतं, किंवा फिरलं तर आवाज मंद होत होत रडका व्हायचा. मी स्वतः दोनदा लेखी कळवलं, बेल्ट आणून देते असंही म्हटलं. 'विद्युत उपकरणाला बाहेरच्या व्यक्तीने हात लावायचा नाही' असं उत्तर मिळालं. नानांच्या दुकानात मी नववीत असताना बेल्ट बदलायला शिकले. दहा मिनिटांचं काम आहे. चहाच्या दोन कपांच्या किमतीच्या रबरापायी यंत्र बंद ठेवलं, आणि मग कुणी ऐकत नाही म्हणून आवाज काढून टाकले. दार बंद करून 'कुणी येत नाही' म्हणणं योग्य नाही.

चौथी. ग्रंथपाल मला म्हणाले, 'आता सगळं यूट्यूबवर आहे.' ते सद्भावनेने म्हणाले. पण सगळं नाही. जुन्या मराठी श्रुतिकांतलं तिथे जे आहे ते कुणीतरी घरातल्या कॅसेटवरून चढवलेलं, तुकड्यातुकड्यांनी. ते तिथे आहे तेसुद्धा कुणीतरी कॅसेट फेकली नाही म्हणून आहे. आमची आजी तर तिथे नाहीच.

पाचवी. कॅसेट वजनावर गेल्या, प्लास्टिकच्या भावाने. यावर मला जास्त लिहवत नाही.

कुणी म्हणेल, कॉपीराइटचं काय. हा मुद्दा प्रामाणिक आहे म्हणून त्याचं उत्तर देते. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं आणि प्रसारणाचा हक्क २५ वर्षं असतो, लेखकाचा हक्क वेगळा. त्यामुळे या श्रुतिका विकणं, इंटरनेटवर चढवणं, मला मागायचंच नाही. जपून ठेवणं, यादी करणं आणि ज्यांचा हक्क आहे त्या आकाशवाणीला 'आमच्याकडे हे आहे, तुम्हाला प्रत हवी का' असं विचारणं, एवढंच मागते आहे. हक्काची काळजी आहे म्हणून वस्तू भंगारात देणं हा काही हक्काचा मान राखणं नव्हे.

आणि अभ्यासिकेबद्दल. माझा तिला विरोध नाही, हे ठळक अक्षरात लिहायला हवं, कारण गावात तसं पसरवलं जातंय. मुलं सकाळी सहापासून वाचनालयाच्या पायऱ्यांवर बसतात, मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढे पारा गेलेला असताना पत्र्याखाली अभ्यास करतात. त्यांना गार खोली मिळालीच पाहिजे. माझा भाचा त्यांच्यातच आहे. पण ३१२ कॅसेटींना किती जागा लागते? मी मोजलं आहे. एका फळीवर उभ्या लावल्या तर साठ-पासष्ट बसतात. पाच फळ्या. एक लोखंडी कपाट, तेही अर्धं रिकामं राहील, त्यात स्पूल ठेवता येतील. त्या खोलीत चाळीस मुलं बसणार असतील तर कपाट ठेवल्यावरही चाळीसच बसतील. उलट खोली गार राहिली तर टेपलाही ते मानवेल. टेपवरचा लेप उष्णतेने आणि दमटपणाने सुटतो, चिकट होतो, बुरशी धरते. आपल्याकडची हवा कोरडी म्हणून एवढ्या वर्षांत त्या टिकल्या. मुलं आणि कॅसेट एका खोलीत राहू शकतात, भांडण लावायचं काही कारण नाही.

माझ्या मागण्या अशा.

१. श्राव्य विभागातलं उरलेलं एकही खोकं, एकही स्पूल वाचनालयाबाहेर जाऊ नये. ठरावातला निर्लेखनाचा भाग पुढच्या बैठकीत रद्द करावा. अभ्यासिकेचा भाग तसाच ठेवावा.

२. उरलेल्या कॅसेटींची मोजणी सभासदांसमोर व्हावी. १९९४ च्या पोचीवर ३१२ आहेत. आज किती आहेत ते फलकावर लिहावं.

३. ज्या भंगारवाल्याला माल दिला त्याच्याशी वाचनालयानेच बोलावं आणि जे परत मिळेल ते परत आणावं. विकत घ्यावं लागलं तर पैसे मी देते. शेतकऱ्यांकडे गेलेल्या टेपबद्दल कुणालाही त्रास देऊ नये.

४. प्रत्येक कॅसेटची पुस्तकासारखी दाखलनोंद व्हावी. कार्यक्रमाचं नाव, कलाकार, लेखक, कुठल्या केंद्रावरून, माइकने भरली की वायरने. नानांनी प्रत्येक कॅसेटच्या डबीत चिठ्ठी ठेवली आहे, निम्मं काम झालेलंच आहे.

५. संगणकावर उतरवून घ्यावं. याचा खर्च फार मोठा आहे असा समज करून दिला गेला, म्हणून हिशोब देते. बहुतेक कॅसेट ९० मिनिटांच्या. ३१२ कॅसेट म्हणजे ४६८ तास. टेप जेवढी लांब तेवढाच वेळ लागतो, घाई चालत नाही. रोज दोन तास बसलं तर २३४ दिवस. मी निवृत्त आहे, मी बसते. जतनासाठी चांगल्या दर्जाने, म्हणजे २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झने, उतरवलं तर तासाला साधारण एक जीबी होतं. सगळं मिळून पाचशे जीबीच्या आत. एक टीबीच्या दोन हार्ड डिस्क घ्या, एक वाचनालयात आणि एक दुसऱ्या इमारतीत. चालू स्थितीतला डेक माझ्याकडे आहे. वाचनालयाने फक्त दोन डिस्क, एक टेबल आणि विजेचा पॉइंट द्यायचा आहे. स्पूलचं काम वेगळं, त्याला जाणकार लागेल, ते घाईने करू नये.

६. आकाशवाणीला रीतसर पत्र जावं, यादी जोडून.

७. आठवड्यातून एक तास वाचनालयात ऐकण्याचा ठेवावा. रविवारी दुपारी चालेल. आमच्या गल्लीत अजून चार-पाच म्हाताऱ्या आहेत ज्यांना टेकाडे भावजी म्हटल्यावर नुसतं नावावरून हसू येतं. त्या आहेत तोवर व्हावं.

८. या पत्राचं उत्तर पंधरा दिवसांत लेखी मिळावं आणि ते सूचनाफलकावर लावावं.

चौदाव्या कॅसेटबद्दल सांगायचं राहिलं. तुरकाटीवरची टेप मी घरी आणली. दोन रात्री बसून, मऊ सुती कापडाच्या घडीतून हळूहळू ओढत, धूळ आणि दादरचं कूस काढलं. जिथे गाठी मारल्या होत्या तिथे कापून जोडपट्टी लावली. नव्या डबीत भरून पेन्सिलीने चक्र फिरवून ताण सारखा केला. नानांनी मागच्या दोन्ही टिकल्या स्क्रूड्रायव्हरने मोडून ठेवल्या होत्या, चुकून कुणी वर दुसरं काही भरू नये म्हणून. त्या मोडलेल्या टिकल्या ते तपकिरीच्या डबीत साठवायचे, ती डबी अजून माझ्याकडे आहे. मी चालू केली. बराच भाग उन्हात गेला आहे. मध्येमध्ये आवाज बुडतो, मग नुसती सूं, मग प्रभाकरपंतांचं अर्धं वाक्य. एका ठिकाणी दारावरची थाप सरळ ऐकू येते, आणि त्या पाठोपाठ टेकाडे भावजी, अगदी स्वच्छ, चार-पाच शब्द. त्यानंतर लगेच कुणीतरी श्वास आत घेतं. रेडिओतलं नाही, माइकच्या जवळचं. आणि तिथेच गाठ होती, तिथे टेप तुटली.

तो श्वास आजीचा आहे असं मला वाटतं. पुढचं हसू शेतात राहिलं.

माइकने भरलेल्या वीस कॅसेटींपैकी चौदावी अशी सापडली. बाकी एकोणीस गेलेल्या खोक्यांत होत्या की कपाटात उरल्या आहेत, हे मंडळाने मला सांगायचं आहे.

येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता मी वाचनालयात येते. सोबत डेक आहे, नवा बेल्ट आहे, स्पिरिट आणि कापूस आहे, आणि एक ते ३१२ आकडे टाकून आखलेली कोरी वही आहे. मोजायला दोन मुली पायऱ्यांवरच्या अभ्यासातून तासभर येते म्हणाल्या आहेत. कपाटाची किल्ली कार्यवाहांकडे असते, ती तेवढी काढून ठेवावी.

आपली,
आजीव सभासद, निवृत्त पोस्ट कर्मचारी,
आणि रेडिओ दुरुस्तीवाल्या नानांची मुलगी